एका रात्रीत वजन दीड किलो वाढलं? जेवण तोडण्याआधी हे तपासा

सोमवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळात माझ्या फोनवर येणारे निम्मे निरोप एकाच तक्रारीचे असतात. "ताई, काल ६८.४ होतं, आज ६९.९. मी तर जास्त काहीच खाल्लं नाही. आजपासून रात्रीचं जेवण बंद." कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की तिचा क्रम आता ठरून गेला आहे. तो इथे लिहून ठेवते. आकडा वाढल्याने सहसा काही बिघडत नाही. तो पाहून माणूस पुढच्या दोन तासांत जे ठरवतो, त्याने बिघडतं. जेवण तोडलं जातं, चार दिवसांनी भूक अनावर होते, पंधराव्या दिवशी सगळंच सुटतं. नीट चाललेली माणसं मी अशी सुटताना पाहिली आहेत, म्हणून हा खटाटोप.

आधी लक्षणं पाहा

तुमची तक्रार यातली कोणती आहे?

- एक-दोन दिवसांत वजन १ ते २ किलो वर किंवा खाली जातं.
- सकाळचा आकडा वेगळा, रात्रीचा वेगळा.
- घरचा काटा एक सांगतो, दवाखान्यातला दुसरंच.
- डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात ३ किलो उतरले, नंतर तीन आठवडे काटा जागचा हलला नाही.
- व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं.
- रोज बघितलं तर काहीच फरक नाही, पण दोन वर्षांपूर्वीचा ब्लाउज किंवा पँट आता बसत नाही.

पहिल्या पाच तक्रारींत बहुतेक वेळा दोष पाण्याचा, पोटातल्या अन्नाचा किंवा काट्याचा असतो. सहावी खरी वाढ आहे. ती सगळ्यात गुपचूप येते आणि तिच्यासाठी तपासणीही वेगळी लागते. ती पुढे आहे.

एक गोष्ट मात्र इथेच सांगते. वजन झपाट्याने वाढतंय आणि जोडीला पायांवर सूज आहे, थोडं चाललं तरी धाप लागते, उताणं झोपलं की श्वास कोंडतो, असं असेल तर खालचं काही तपासत बसू नका. आजच डॉक्टरांकडे जा.

१. वेळ आणि कपडे (खर्च शून्य)

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण त्याच कपड्यांत. एवढं पाळलं की निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

कारण साधं आहे. २५० मिलीलीटरचा पेला पाणी प्यायलात की त्या क्षणी तुम्ही २५० ग्रॅमने जड झालात. दोन भाकऱ्या, पिठलं, भात, वाटीभर आमटी, वर ताक आणि पाणी असं जेवण एका काट्यावर ठेवलं तर किलोच्या आसपास जातं. ते पोटात गेलं म्हणजे त्याचं वजन नाहीसं होत नाही. जीन्सची पँट अर्ध्या किलोच्या पुढे असते, खिशातला मोबाइल २०० ग्रॅमचा. रात्री जेवून, पँट घालून केलेलं वजन सकाळच्या वजनाशी ताडून पाहिलं तर दीड किलोचा फरक येणारच.

मी नव्या लोकांना एक प्रयोग करायला सांगते. रात्री झोपताना वजन करा, सकाळी उठल्यावर लघवीलाही न जाता पुन्हा करा. साधारण ३०० ते ५०० ग्रॅम कमी भरतं. गेलं कुठे? श्वासातून आणि कातडीवाटे. इटलीतल्या पादुआ शहरात सांतोरिओ नावाच्या वैद्याने काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं हेच मोजलं होतं: खाल्लेलं-प्यायलेलं एका बाजूला, बाहेर टाकलेलं दुसऱ्या बाजूला. हिशोबात जे कमी पडत होतं ते न दिसणाऱ्या वाटेने जातं, असं त्याने १६१४ साली लिहून प्रसिद्ध केलं. आपलं शरीर रात्रभर स्वस्थ पडलेलं असतानाही हलकं होत असतं, हे एकदा स्वतःच्या काट्यावर पाहिलं की आकड्याची भीती बरीच कमी होते.

२. काटा आणि त्याची जागा (खर्च फार तर सेलचा)

काटा कुठे ठेवला आहे? पायपुसण्यावर, सतरंजीवर, बाथरूमच्या उतारावर, की दोन फरशांच्या सांध्यावर? डिजिटल काट्याच्या चारही पायांत दाब ओळखणारा एकेक छोटा तुकडा असतो. तुमच्या भाराने तो किंचित वाकतो आणि त्यावरून आकडा ठरतो. एक पाय जरी अधांतरी किंवा मऊ जागेवर असला तरी हिशोब चुकतो. म्हणून कडक, सपाट फरशी हवी आणि जागा रोज तीच. काटा उचलून दुसरीकडे ठेवलात तर आधी पायाने दाबून सोडा, शून्य येऊ द्या, मग चढा.

आता काट्याची परीक्षा. लागोपाठ तीनदा चढा. आकड्यांत २०० ग्रॅमहून जास्त फरक आला तर सेल बदला, जागा बदला. पण तीनही वेळा अगदी तोच आकडा आला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. काही काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या जवळपास असलं की जुनाच आकडा दाखवतात. त्यांना उघडं पाडायचं तर मध्ये वेगळं वजन द्यायचं. किराणा दुकानातून आणलेली, न फोडलेली ५ किलो आट्याची पिशवी घ्या. आधी नुसते उभे राहा, आकडा लिहा. मग पिशवी छातीशी धरून उभे राहा. फरक ५ किलोच्या आगेमागे १००-२०० ग्रॅमपर्यंत आला तर काटा कामाचा आहे.

पिशवीच घ्या, तेलाचा कॅन नको. एका गृहस्थांनी ५ लिटर तेलाचा कॅन धरून परीक्षा घेतली, फरक साडेचार किलोच आला, आणि त्यांनी चांगला काटा भंगारात दिला. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. घरातल्या १ लिटरच्या तेलाच्या पिशवीवर बघा, बहुतेकींवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं.

घरचा आणि दवाखान्यातला काटा यांत ७०० ग्रॅमचा फरक असेल तर असू द्या. काटा खोटं बोलला तरी चालेल, पण रोज तेवढंच खोटं बोलला पाहिजे. आपल्याला फरक मोजायचा आहे, म्हणून एकच काटा धरून राहा. (मुलाकडे लंडनला गेलेल्या एका काकूंनी इथला काटा सोबत नेला होता आणि तिथे चढल्यावर आकडा वाढलेला दिसला. तिथे गुरुत्वाकर्षण इथल्यापेक्षा किंचित जास्त आहे. इथे जुळवलेला काटा ७० किलोच्या माणसाला तिथे साधारण २०० ग्रॅम जास्त दाखवेल. त्यांचे बाकीचे १२०० ग्रॅम मात्र विमानातल्या बैठकीने पायांत उतरलेल्या पाण्याचे होते. चार दिवसांत गेले.)

चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या काट्यांबद्दल एवढंच: ते तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधतात आणि तो अंदाज शरीरातल्या पाण्यावर हलतो. रोजची टक्केवारी पाहू नका.

३. परवाचं ताट: मीठ

वेळ तीच आहे, काटा ठीक आहे, तरी दीड किलो वाढलं. आता मागच्या दोन दिवसांचं ताट आठवा. किती खाल्लं हे नंतर पाहू. आधी, किती खारट खाल्लं?

सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. म्हणजे १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. रक्तातला आणि पेशींच्या बाहेरच्या पाण्यातला खारटपणा साधारण तेवढाच असतो आणि शरीर तो तेवढाच राखतं. जास्तीचं मीठ आत आलं की तहान लागते, प्यायलेलं पाणी धरून ठेवलं जातं, आणि मूत्रपिंडं ते मीठ सावकाश बाहेर काढतात. ९ ग्रॅम जादा मीठ १ लिटरपर्यंत पाणी अडवून ठेवू शकतं, म्हणजे काट्यावर १ किलो. हे ओसरायला एक ते तीन दिवस जातात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे लहान चमचाभर.

आता आमच्याकडचा रविवार बघा. सकाळी मिसळ, तीत फरसाण, वर पुन्हा कट मागून घेतलेला. दुपारी तांबडा-पांढरा. संध्याकाळी चिवडा, रात्री "हलकं काहीतरी" म्हणून खिचडी, आणि तिच्यासोबत पापड-लोणचं. कोकणातल्या घरी असाल तर सुकट किंवा खारा बांगडा. यात खूप जास्त खाल्ल्यासारखं वाटत नाही, आणि म्हणूनच लोक मनापासून सांगतात, "ताई, मी काही जास्त खाल्लं नाही." ते खरंच बोलत असतात.

बँकेत काम करणारे एक काका सलग तीन सोमवार असेच आले. तिसऱ्या सोमवारी मी त्यांना म्हटलं, काही बदलू नका, फक्त गुरुवारी पुन्हा वजन करा. सोमवारी ८२.६ होतं, गुरुवारी ८१.०. मधल्या तीन दिवसांत ते नेहमीसारखे दोन वेळा जेवले होते.

एक चूक इथे हमखास होते: शरीरात पाणी साठलंय म्हणून पाणी पिणं कमी करायचं. तसं करू नका. मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणीच लागतं. नेहमीसारखं प्या आणि दोन दिवस लोणचं-पापड बाजूला ठेवा. रक्तदाब असेल तर ते कायमच बाजूला ठेवलेलं बरं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर त्यांचंच माप पाळायचं.

४. भात-पोळीचा साठा, आणि लाडवांचा हिशोब

पिठूळ पदार्थांतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, थोडी यकृतात, बरीचशी स्नायूंत. मोठ्या माणसात हा साठा सगळा मिळून ५०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. म्हणजे हा साठा पूर्ण भरलेला असणं आणि रिकामा असणं यांतच दीड-दोन किलोंचा फरक आहे.

भात-पोळी बंद करून केलेल्या डाएटमध्ये पहिल्या आठवड्यात ३ किलो कसे उतरतात, ते यातून कळेल. त्यातलं बरंचसं हे पाणी असतं. चौथ्या आठवड्यात एका लग्नात जिलेबी-मठ्ठा आणि मसालेभात झाला की त्यातलं दोन किलो दोन दिवसांत परत येतं आणि माणूस म्हणतो, महिन्याची मेहनत वाया गेली. मेहनत कुठेही गेलेली नसते. "सात दिवसांत चार किलो" अशा जाहिराती याच पाण्यावर चालतात, आणि त्यांना भुलून पैसे घालवलेली माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

उपवासाचंही तेच. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याला ठाऊकच आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, सोबत बटाटा, दाणे आणि मीठ. द्वादशीला काटा वर जाणारच. उलट, नवरात्रात नऊ दिवस थोड्या फळांवर काढले तर काटा दोन किलो खाली जातो आणि दसऱ्याच्या श्रीखंड-पुरीने पुन्हा वर येतो. दोन्ही वेळा हलतं त्यात बरंचसं पाणीच असतं.

खरी चरबी वाढली की नाही हे ताडायला एक आकडा लक्षात ठेवा: १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, त्याही रोजच्या गरजेच्या वरच्या. गेल्या दिवाळीत एक शिक्षिका भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी घेऊन आल्या. पाच दिवसांत २.१ किलो. आम्ही दोघी मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. २.१ गुणिले ७,७०० म्हणजे १६,१७०. बेसनाचा एक मध्यम लाडू २०० कॅलरींचा धरला तर ८० लाडू, आणि तेही रोजच्या जेवणाशिवाय. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अहो, घरात एकूण चाळीसच केले होते, आणि निम्मे तर वाटले." दहा दिवसांनी त्यांचं वजन १.७ किलो उतरलेलं होतं. उरलेले ४०० ग्रॅम खरे होते. तेही मी त्यांना सांगितलं.

पोट साफ होत नसेल तर तेही याच तपासणीत धरा. तीन दिवसांची बद्धकोष्ठता सहज अर्धा किलो दाखवते.

५. कॅलेंडर: पाळी, नवा व्यायाम, ऊन

पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेक बायकांच्या अंगात पाणी साठतं. अंगठी घट्ट होते, छाती जड वाटते, काटा १ ते २ किलो वर जातो आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत उतरतो. म्हणून बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यात अर्थ नाही. मागच्या पाळीनंतरचा पाचवा दिवस आणि या पाळीनंतरचा पाचवा दिवस, अशी तुलना करा. वहीत पाळीच्या तारखेवर नुसती फुली मारली तरी पुरतं. मी पुरुष जिम ट्रेनर्सनाही हे समजावून सांगते, कारण त्यांच्या "या आठवड्यात काय झालं?" या एका प्रश्नाने मुली घाबरून जेवण सोडतात.

नवा व्यायाम सुरू केल्यावर अंग दुखतं, तेव्हा स्नायूंत बारीक इजा झालेली असते. ती भरून येताना तिथे पाणी जमतं, शिवाय स्नायू ग्लायकोजेनचा साठाही वाढवतात. पहिले दोन आठवडे वजन किलोभर वाढणं स्वाभाविक आहे. क्रिएटीन (जिममधले लोक घेतात ती पूरक पावडर) घेणाऱ्यांना आणखी किलो-दीड किलो धरावं लागेल. उलट, मे महिन्यात तासभर पळून आल्यावर १ किलो कमी भरलं तर तो घाम आहे. पाणी प्या, तो आकडा वहीत लिहू नका.

६. गोळ्यांची पट्टी

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तर गेल्या तीन महिन्यांत कोणतं औषध नव्याने सुरू झालं ते बघा. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स भूकही वाढवतात आणि पाणीही साठवतात. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. मधुमेहात इन्सुलिन, पायोग्लिटाझोन, ग्लिमेपिराइड यांनी वजन वाढू शकतं, तर डॅपाग्लिफ्लोझिनने साखर लघवीवाटे जाऊन उतरू शकतं. मानसिक आजारांवरच्या ओलान्झापिन, मिर्टाझापिन यांनी बऱ्याच जणांची भूक वाढते.

हे वाचून कुणीही गोळी बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. पट्टी घेऊन ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याकडे जा आणि विचारा. पर्याय असतात, डोस बदलता येतो. ते काम त्यांचं आहे, माझं किंवा शेजारणीचं नाही.

७. वही: चार आठवडे

ही तपासणी फुकट आहे, पण धीर लागतो, म्हणून ती इतकी खाली ठेवली. रोज सकाळी वजन लिहायचं, त्यावर काही ठरवायचं नाही. आठवडा संपला की सात आकड्यांची बेरीज करून सातने भागायचं. फक्त ही सरासरी पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडायची.

सुरुवातीला जिचा निरोप सांगितला, तिचीच वही दाखवते. पहिला आठवडा, रविवारपासून: ६८.४, ६९.९, ६९.३, ६८.८, ६८.५, ६८.२, ६८.३. सरासरी ६८.७७. दुसरा आठवडा: ६८.१, ६९.४, ६९.०, ६८.५, ६८.१, ६७.९, ६८.०. सरासरी ६८.४३. पहिल्या शुक्रवारी ६८.२ आणि पुढच्या सोमवारी ६९.४ पाहून ती म्हणत होती, सव्वा किलो वाढलं. प्रत्यक्षात आठवड्यात साडेतीनशे ग्रॅम उतरलं होतं, अगदी हवं तसं. आणि सोमवारचा उंचवटा दोन्ही आठवड्यांत आहे, तो रविवारच्या ताटाचा.

चार सरासऱ्या जवळपास सारख्या असतील तर वजन स्थिर आहे, मध्ये कितीही हिंदकळलं तरी. चारही वर सरकत असतील तर ती खरी वाढ. आता आपण सहाव्या तक्रारीपाशी आलो.

८. खरी वाढ: कपडे सांगतात, काटा सांगत नाही

वजन कसं हळूहळू बदलतं याचं गणित अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं. त्याचा ढोबळ नियम असा: रोजच्या खाण्यात साधारण २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला की शेवटी सुमारे १ किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, जवळपास सगळा तीन वर्षांत.

हे चहावर लावून बघा. कामाची जागा बदलली आणि तिथे दिवसाला दोन कप चहा वाढला. दूध-साखरेचा कप ६० कॅलरींचा धरला तर रोजच्या १२० कॅलरी झाल्या. शेवटी फरक ५ किलोंचा. पहिल्या वर्षात अडीच किलो, म्हणजे आठवड्याला फक्त ५० ग्रॅम. ज्या काट्यावर मीठ आणि पाणी मिळून दीड किलो वर-खाली होतं, त्यावर हे ५० ग्रॅम दिसणार कसे? लोक सोमवारच्या दीड किलोला घाबरतात, आणि हे ५० ग्रॅम दारातून दर आठवड्याला आत येत राहतात.

म्हणून इथे ताट तपासायचं, पण सणाचं नव्हे, मंगळवारचं. चहाचे कप मोजा. महिन्याचं तेल मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ४० मिलीलीटरच्या वर पडतं, म्हणजे नुसत्या तेलाच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. एक चमचा तेल ४० कॅलरींचं. घरातल्या प्रत्येकाचे दोन चमचे कमी झाले तर वरच्या नियमाने तीन किलोंचा फरक पडायला जागा आहे, आणि त्यासाठी कुणाला उपाशी राहावं लागत नाही. निवृत्तीनंतर किंवा घरून काम सुरू झाल्यावर चालणं किती कमी झालं, तेही बघा.

याच गणिताने वजन उतरणं मध्येच का थांबतं तेही कळतं. हलक्या शरीराला कमी लागतं. ८० किलोंना जे खाणं कमी पडत होतं ते ७३ किलोंना पुरेसं होतं, आणि सरासरी थांबते. तिथे खाणं किंवा चालणं थोडं बदलावं लागतं.

महिन्यातून एकदा टेपही लावा, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीय बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे आणि तीन दिवसांत २ किलोंहून जास्त वाढलं, तर वाट न पाहता त्याच दिवशी. गरोदरपणात अचानक वजन वाढून चेहरा-हात सुजले, डोकं दुखतंय, नजर अंधुक होतेय, तर तासही दवडू नका.

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ७० किलोंच्या माणसाचं साडेतीन किलो, तर तपासणी हवीच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर क्षयाची. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि उपचारही मोफत मिळतात. तहान आणि लघवी वाढली असेल तर साखरेची. काही खावंसंच वाटत नसेल, मन कशातच लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे.

थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, केस गळणं यांसोबत वजन वाढत असेल तर थायरॉइडची तपासणी करा. पण थायरॉइडमुळे सहसा काही किलोच वाढतात आणि त्यात बराच भाग पाणी-मिठाचा असतो. वीस किलोंचा दोष एकट्या थायरॉइडवर टाकला की बाकीचं तपासायचं राहून जातं. पाळी अनियमित आहे, चेहऱ्यावर केस येत आहेत, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

आणि एक तक्रार अशी आहे जिच्यात वहीच बंद करायची असते. दिवसातून चार-पाचदा काट्यावर चढणं, आकडा पाहून जेवण टाळणं, खाऊन झाल्यावर उलटी काढणं. विशेषतः चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींत हे दिसलं तर आईवडिलांनी काटा घराबाहेर काढावा, रागावू नये, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जावं. आहारतक्ता तिथे काही कामाचा नाही, आणि मी तो देत नाही.

डॉक्टरांकडे जाताना वही आणि गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या. दोन वर्षांपूर्वी एक दुकानदार पेढे घेऊन आले होते: आठ आठवडे, दर आठवड्याला सहाशे ग्रॅम कमी, आणि खाण्यात काहीही बदल नाही. मी वही पाहिली. सोमवारचे उंचवटेसुद्धा नव्हते, एकसारखा उतार होता. रात्री किती वेळा उठता, असं विचारलं. "चार-पाच वेळा," ते म्हणाले. पेढ्यांचा बॉक्स मी तसाच ठेवून घेतला आणि त्यांना समोरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. साखर ३४२ निघाली. संध्याकाळी ते तीच वही घेऊन डॉक्टरांसमोर बसले होते.